शेवंता, ती चिठ्ठी माझी होती

शेवंता,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आपल्या गावी, किन्हीराजाच्या विहारासमोर सगळी वस्ती जमली होती. वंदना झाली, आणि मास्तर म्हणून लोकांनी मलाच बोलायला उभं केलं. मी बोललो. तू कुठे शिकलीस, कोणत्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवलास, किनाऱ्यावरच्या समुद्र-संशोधन केंद्रात कशी लागलीस, आपल्या वस्तीतून एवढी शिकलेली पहिली मुलगी कशी तूच. शाळेच्या संमेलनात पाहुण्यांची ओळख करून देतात, तसं. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो तेव्हा मायनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी काहीच बोललो नाही, हे तिला कळलं होतं.

म्हणून आता लिहितो आहे. तुला जाऊन बावीस दिवस झाले. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि ती सांगितल्याशिवाय तुझ्याबद्दल दुसरं काही बोलण्याचा मला हक्क नाही. तरी लगेच सांगवत नाही. हात मागे येतो. थोडं तुझ्याशी आधी बोलू दे.

तुला विहिरीचा तो दिवस आठवत असे. आपण धम्म घेतल्यावर वस्तीनं स्वतःची विहीर खणली, त्यानंतरचा उन्हाळा. गाळ काढायचा होता. विहीर कित्येक दिवस फळ्या टाकून झाकलेली. काका दोर बांधून उतरायला निघाले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं त्यांना अडवलं आणि आधी कंदील खाली सोडायला लावला. निम्म्यात जाऊन कंदील विझला. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझला. बायका मागे सरल्या. मग माणसांनी कडुनिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून बराच वेळ खालीवर केला, आणि तिसऱ्यांदा कंदील तळापर्यंत जळत गेला. काका उतरले, गाळ निघाला, सगळे घरी गेले. तू गेली नाहीस. नऊ वर्षांची पोर, काठावर बसून राहिलीस.

"दादा, कंदील काहून इझला?"

"खाली खराब हवा होती."

"खराब म्हंजे काय?"

मी तेव्हा नववीत. मला येत नव्हतं. "खराब म्हंजे खराब," म्हणालो. तू तीन दिवस माझा पिच्छा सोडला नाहीस. शेवटी मी चिडून म्हणालो, "मोठी झाली की तूच शोधजो." पुढे केंद्रात निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा तू मला हेच वाक्य ऐकवलंस, आणि वर म्हणालीस, "अजून सापडलं नाई, शोधून राह्यली."

बाराव्या वर्षी तुला तो ताप आला. आधी एक गुडघा सुजला, मग दुसरा, मग मनगटं. बाबा नुकतेच गेले होते. मी तुला पाठीवर घेऊन एस.टी. गाठली आणि अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कितीतरी वेळ तुझ्या छातीला नळी लावून ऐकलं. ताप सांध्यांतून जाईल, म्हणाले, पण काळजाच्या एका झडपेला दुखवून चाललाय. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, एकही महिना चुकवायचा नाही. ताप पुन्हा आला तर झडप आणखी बिघडेल.

मग वर्षानुवर्षं तू आणि मी दर महिन्याला अकोल्याला. मी मंगरूळपीरला शाळेत लागलो, तुला माझ्याजवळ शिकायला आणलं, तरी ती फेरी चुकली नाही. इंजेक्शन दुखायचं, कंबर धरून चालायचीस, पण जायला नाही कधी म्हणाली नाहीस, कारण ते डॉक्टर दर वेळी तुला एक कोडं घालायचे. बर्फ पाण्यावर का तरंगतो. उकळतं पाणी झाकलं की आवाज का बदलतो. "उत्तर पुढच्या महिन्यात," म्हणायचे. येताना बसमध्ये तू खिडकीला डोकं टेकून ओठ हलवत बसायचीस. वडील गेलेल्या पोरीला कोणीतरी वडीलधारं भेटलं होतं. त्यांच्या टेबलावरच्या तुझ्या कार्डावर त्यांनी वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "शास्त्रज्ञ". तू ते उलटं वाचलंस आणि मला बसस्टँडपर्यंत सांगत आलीस.

तू अकोल्याला शिकलीस, नागपूरला शिकलीस, आणि मग ज्या समुद्रापर्यंत आपल्या घरातलं कोणी गेलं नव्हतं तिकडे निघून गेलीस. पहिल्या सुट्टीत आलीस तेव्हा माय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "तू तिथं करतं तरी काय?" आणि तू तिच्यासमोर फतकल मारून बसलीस.

"समुद्राच्या वरल्या पाण्यात हवा राह्यते, माय. तयालेबी राह्यते, थंड पाणी दुरून वाहत येते त्याच्यासंगं. पण मधात एक जाडा थर हाय. तिथं प्राणवायू जवळजवळ नाईच."

"मंग मासोया?"

"बहुतेक तिथं टिकत नाईत. बारीक जंतू राह्यतात, डोयाले न दिसणारे. प्राणवायू कमी पडला की ते पाण्यातल्या नायट्रेटवर श्वास भागवतात. आपण वावरात खत टाकतो ना, त्याच जातीचं असते ते. अन् हे सारं होता होता एक गॅस निघते. दात काढताना हुंगवतात तो. हसाचा गॅस म्हणतात त्याले."

माय हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "समुद्र हसते?"

तू इतकी हसलीस की तुला दम लागला. तुझ्या वहिनीनं पाणी दिलं. मी तुझ्या गळ्याजवळची शीर उडताना पाहिली आणि दुसरीकडे बघितलं.

तुझं कोडं मला नीट कळलं ते पुढच्या वर्षी, तू कागदाची गुंडाळी घेऊन आलीस तेव्हा. केंद्रातल्या यंत्राची सुई त्या कागदावर रेघ काढत जायची आणि गॅस आला की टोकदार डोंगर काढायची. तू ओसरीवर गुंडाळी उलगडलीस आणि चारी कोपऱ्यांवर माझ्या शाळेची पुस्तकं ठेवलीस. बिनप्राणवायूच्या थराच्या वरच्या काठाला उंच डोंगर. खालच्या काठालाही डोंगर. आणि अगदी मध्ये, जिथे प्राणवायू मुळीच नाही, तिथे रेघ सपाट.

"आमचे साहेब म्हणतात, मधल्या थरातलं पाणी भरलेल्या बाटल्या खराब. बूच सैल राह्यलं, गॅस उडून गेला. जिथं प्राणवायू सर्वांत कमी तिथं गॅस सर्वांत जास्त पायजे, म्हणतात."

"मंग बरोबरच हाय ना त्याहिचं."

"नाई, दादा. कमी असणं वेगळं अन् नसणं वेगळं. जिथं प्राणवायू थोडासा हाय, तिथं जंतू गॅस बनवतात अन् सोडून देतात. जिथं बिलकुलच नाई, तिथं त्याहिले दुसरं काही भेटत नाई, म्हणून ते गॅसबी वापरून टाकतात. काठावर बनते, मधात संपते. बाटल्या चांगल्याच हायेत."

"हे तुले पटलं. त्याहिले कसं पटवशीन?"

"बाटल्या जहाजावर दुसरे भरतात. मी इकडं किनाऱ्यावर बसून वाट पाह्यतो. आत एक बुडबुडा राह्यला तरी सारं गेलं. म्या माह्या हातानं भरल्या पायजे."

त्याच संध्याकाळी आपला तो वाद झाला. तो कधी संपला नाही, आणि आता संपणारही नाही. मी म्हणालो, आपल्या वस्तीत पोरं अजून तापानं मरतात, तू डॉक्टर व्हायला पाहिजे होतं. नाहीतर मास्तरीण तरी. समुद्राच्या पोटातला गॅस मोजून कोणाचं भलं होणार? तू आधी समजावून सांगितलंस. तो गॅस पाण्यातून सुटून वर आभाळात जातो, आणि उन्हातलं विखारी गाळून घेणारा एक थर वर आहे, त्याला पोखरतो. म्हणून समुद्र किती गॅस सोडतो आणि किती स्वतःच संपवतो हे माहीत हवं. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "ते अमेरिकेवाले पाह्यतीन."

मग तू चिडलीस. "आपल्याले शिका म्हणून सांगतलं, दादा. कायकाय शिकाचं नाई, त्याची यादी देल्ली होती काय?"

मी उठून आत गेलो. हरलो म्हणून नाही. माझ्या लहान बहिणीनं मला वर्गातल्या मुलासारखं बसवलं म्हणून. हे आज लिहायला हवं, कारण पुढे मी जे केलं त्यात सगळी काळजीच होती असं म्हणणं खोटं होईल. मी समुद्र पाहिलेला नाही, शेवंता. तुझ्यामागे फिरता फिरता माझं पुढचं शिकणं राहिलं, आणि त्याबद्दल मी कधी बोललो नाही, पण ते होतं. थोडंसं होतं.

आणीबाणी यायच्या आधीचं वर्ष असेल. तुला जहाजावर जागा मिळाली. बायकांसाठी वेगळी खोली नाही, हे कारण सांगून दोनदा टाळलं होतं. या वेळी तू आणि दुसरी एक बाई अशा दोघींची सोय झाली. फक्त तब्येतीचा दाखला हवा होता. तू अकोल्याला उतरून आपल्या डॉक्टरांकडून तो घेऊनच घरी आलीस. त्यांनी तासभर तपासलं होतं. परत आल्यावर झडपेच्या ऑपरेशनचा विचार करायचा, जहाजावर डॉक्टर असेल तरच जायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, एवढ्या अटी घालून सही केली होती. "जा, आणि उत्तर घेऊन ये," असं म्हणाले, हे तू मला चारदा सांगितलंस.

तू परत गेलीस आणि इकडे मायनं अन्न टाकलं. "पाण्यावर माह्या पोरीले काही झालं तं मले तिचं तोंडबी दिसणार नाई," म्हणायची. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात एकटा बसलो आणि तुझ्या साहेबांना चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत लिहिली, शब्दकोश जवळ घेऊन. माझ्या बहिणीच्या काळजाला जुना आजार आहे, तिला दोनदा चक्कर येऊन ती पडली आहे, दाखल्यावर विश्वास ठेवू नये, तिला पाठवू नये. चक्कर एकदा आली होती. मी दोनदा लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की हे मी कळवलं असं तिला कृपया सांगू नये. पोस्टाच्या पेटीत चिठ्ठी टाकली आणि घरी येऊन मायला म्हणालो, "जेव आता. ते जाणार नाई."

साहेबांनी माझी विनंती मानली. माझं नाव त्यांनी तुला सांगितलं नाही. तुझ्या तब्येतीची खरी हकिकत केंद्राला कळली आहे, एवढंच म्हणाले आणि यादीतून नाव काढलं. जहाज गेलं. तू रजा टाकून घरी आलीस.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. मी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. तू पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस.

"एका हातानं दाखला देल्ला अन् दुसऱ्या हातानं साहेबाले लिवलं. माह्या काळजाची गोष्ट घराबाहेर त्याच्याशिवाय कोणाले माहीत होती? कोणाले, सांग ना!"

मी शेंग फोडली.

"चौदा वर्षं त्याच्यापाशी गेली मी, दादा. बापासारखा समजत होती. त्यानंच केलं ना हे?"

आणि मी म्हणालो, "असन."

एवढंच. एक शब्द. तेव्हा वाटलं, राग आहे, महिन्या-दोन महिन्यांत जाईल. डॉक्टर म्हातारे, त्यांना काय फरक पडतो. तू माझ्यावर चिडण्यापेक्षा त्यांच्यावर चिडलेली बरी.

तू त्यांच्याकडे पुन्हा गेली नाहीस. इंजेक्शनं तिकडेच घेते म्हणालीस. मी विश्वास ठेवला, किंवा ठेवायचं ठरवलं. सहा महिन्यांनी डॉक्टरांचं पोस्टकार्ड मला शाळेच्या पत्त्यावर आलं: मुलगी का येत नाही, ऑपरेशनचं आता लांबवू नये, मी मोठ्या दवाखान्यात लिहून ठेवलं आहे. ते कार्ड मी तुला दाखवलं. तू वाचलंस, चार तुकडे केलेस आणि चुलीत टाकलेस. "आता काहून पुळका आला?" म्हणालीस. माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. वहिनी आत आली आणि मी पाणी मागितलं.

अशी तीन वर्षं गेली. या उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा मी तुला बसस्टँडवर घ्यायला आलो. दर्ग्याच्या बाजूनं घरी येताना तू बांगड्यांच्या दुकानासमोर थांबलीस, मग कापडाच्या, मग भांड्यांच्या. तुला आयुष्यात बांगड्यांची हौस नव्हती. तू श्वास घेत होतीस. पायांवर सूज इतकी की चपलेचा पट्टा रुतला होता. घरी आल्यावर मायनं ते पाय मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

सहाव्या दिवशी दुपारी तुला आडवं होता येईना. ओळखीच्या कंत्राटदाराची जीप मिळाली. तू मागच्या सीटवर बसलीस, मी तुला पाठीमागून धरलेलं, माय समोर बसून पदरानं वारा घालत होती. मंगरूळपीर मागे पडल्यावर तू विचारलंस, "दादा, कोणाकडं नेऊन राह्यला?"

"आपल्याच डॉक्टरकडं."

"त्याच्याकडं नको."

"शेवंता, ऐक. त्यानं नाई..."

तेवढ्यात तुला खोकला आला. गुलाबी फेस आला. मी माझ्या उपरण्यानं पुसला आणि म्हणालो, "बोलू नको तू." जीप खड्ड्यातून जात होती. थोड्या वेळानं तुझा श्वास जरा बसला. तू मान माझ्याकडे वळवलीस.

"तू काही सांगून राह्यला होता?"

"नंतर सांगतो. दवाखान्यात."

"बरं," म्हणालीस.

वाटेतलं महान गाव यायच्या अलीकडे तुझं अंग माझ्या हातांवर जड झालं. ड्रायव्हरनं जीप थांबवली. बाभळीखाली एक गुराखी बाई उभी होती, ती मायचा आवाज ऐकून धावत आली. माय तुझे तळपाय चोळत राहिली. तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनं कोणाला विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी श्रीधर आला. तुझ्या पत्रांतला, तुझ्याबरोबर काम करणारा, मालवणकडचा. तुझ्या जागी जहाजावर गेला तोच. दोन दिवस प्रवास करून मंगरूळपीरला उतरला आणि शाळेत येऊन उभा राहिला. त्याच्या पिशवीत तुझी वही होती, तुझी चष्म्याची डबी, आणि कागदाची एक गुंडाळी. मी त्याला घरी आणलं. चहा समोर ठेवला, तो तसाच राहिला.

तो म्हणाला, त्या पहिल्या वेळी तू त्याला बाटली कशी भरायची ते सात पानं लिहून दिलं होतंस. नळी तळाला टेकवायची, पाणी खालून वर चढू द्यायचं, दोनदा भरून वाहू द्यायचं, जंतू मारायला औषधाचे थेंब टाकायचे, बूच तिरपं धरून लावायचं, मग बाटली उलटी करून बुडबुडा पाहायचा. त्या बाटल्यांतही मधली रेघ सपाटच निघाली, तरी साहेबांना पटलं नव्हतं. या वर्षी जहाज पुन्हा गेलं. तब्येतीमुळे तुला विचारलंसुद्धा नाही. श्रीधरनं नव्या काचेच्या बाटल्या नेल्या, प्रत्येक खोलीच्या तीन तीन भरल्या, आणि साहेब या वेळी स्वतः जहाजावर होते, त्यांनी डेकवर उभं राहून बघितलं.

"परत आलो तेव्हा त्या रजेवर इकडे आल्या होत्या," तो म्हणाला. "यंत्रावर मीच लावल्या. मधल्या एकाही बाटलीत गॅस नाही. नऊच्या नऊ. साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून तपासला, आणि म्हणाले, बाईंना तार करा. मी तार लिहीतच होतो, तर तुमची तार आली."

त्यानं गुंडाळी उलगडली. दोन डोंगर, मध्ये सपाट रेघ. लेख तयार होतो आहे, तुझं नाव पहिलं घालायला साहेबांनी सांगितलंय, असं तो म्हणाला. मी मान हलवली. तुझ्या वतीनं आनंद व्हायला हवा होता. झालासुद्धा, एक क्षण. तू एवढी बरोबर होतीस. तुला तुझ्या हातानं ते करता आलं असतं, तीन वर्षं आधी.

निघताना तो दारात थांबला. "एक विचारू का? त्या इंजेक्शन घ्यायच्या नाहीत. मी कितीदा म्हटलं, आमच्याकडच्या दवाखान्यात चला. म्हणायच्या, डॉक्टर या जातीवरचाच माझा विश्वास उडालाय. असं काय झालं होतं?"

मी त्याला सांगितलं नाही. पण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी अकोल्याला गेलो.

डॉक्टर आता क्वचितच पेशंट बघतात. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. तू गेलीस हे त्यांना माहीत नव्हतं. मी ते सांगितलं, आणि मग उभ्या उभ्याच चिठ्ठीचं सांगितलं. "असन" म्हणालो तेही. ते रागावतील, हाकलतील, असं मला वाटलं होतं, आणि मला ते हवं होतं. त्यांनी चष्मा काढला. कपाटातून तुझं कार्ड शोधलं, त्याला बराच वेळ लागला. शेवटची तारीख त्या दाखल्याची होती.

"मला वाटायचं, मोठी झाली, आता म्हातारा डॉक्टर कशाला हवा," ते म्हणाले. "तिच्यासाठी एक कोडं काढून ठेवलं होतं."

कोणतं, ते मी विचारलं नाही. विचारण्याची माझी लायकी नव्हती. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

काल मी मायला सांगितलं. किन्हीराजाच्या घरात ती एकटीच होती, तुझ्या पिशवीतले कपडे घड्या घालून ठेवत होती. मी खाली बसून पहिल्यापासून सांगितलं: तिनं अन्न टाकलं होतं ते दिवस, शाळेतलं टेबल, खोटी चक्कर, शेंगा, पोस्टकार्ड, जीप. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. घड्या घालायचंही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं ती म्हणेल, माझ्यासाठीच केलंस ना रे. मी त्याची वाट पाहत होतो, हे तुझ्यापासून काय लपवू.

मायनं तुझी निळी साडी मांडीवर ठेवली.

"तू सांगतलं असतं तं ते तुह्यासंगं भांडली असती," ती म्हणाली. "वरीसभर तुह्यासंगं बोलली नसती. पण दवाखान्यात गेली असती."

मग ती पुढची घडी घालायला लागली.

एका वर्षाच्या अबोल्याला मी भ्यालो, शेवंता.